भिंतीतलं कपाट

नांदेडचा फ्लॅट विकायचा होता तो ह्यांच्यासाठी. अर्धांगवायूने ह्यांची उजवी बाजू गेली, वाचाही गेली. ‘हां’ आणि ‘न्हाई’ एवढंच काय ते उरलं. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. म्हणून हे लातूरला धाकट्या दिरांच्या बैठकीत होते. तिथे तळमजला, व्यायाम करून घेणारा माणूस रोज घरी यायचा. हे आधाराने अंगणापर्यंत जायला लागले होते. पण दिरांच्या मुलीचं लग्न ठरलं आणि बैठक मोकळी करून देणं भाग झालं. त्याच्या आत इथलं विकून तिथे तळमजल्यावर दोन खोल्या घ्यायच्या, दुसरं काही मला सुचत नव्हतं.

गिऱ्हाइकं यायची, स्वयंपाकघर बघून माना डोलवायची आणि बेडरूमच्या दारात थबकायची. तिथे एक अख्खी भिंत कपाटाची. लेकीच्या वेळी मी बाळंतपणाला चाकूरला माहेरी असताना ह्यांनी ते हौसेने करून घेतलेलं. कडप्प्याचे कप्पे, वर सागवानी दारं. मी तर त्या कपाटावरच चार पैसे जास्त येतील असं धरून चालले होते. कसलं काय! आमच्याकडे लग्नात मुलीकडून पलंग येतो, लोखंडी कपाट येतं, ड्रेसिंग टेबल येतं. घर बघायला येणारे बहुतेक पोराचं लग्न ठरवूनच यायचे. एक बाई तर टेप घेऊनच आल्या.

“कपाट लई चांगलं हाय हो ताई,” त्या म्हणाल्या, “पर सुनंचा पलंग टाकला की कपाटाचं दारच उघडत न्हाई. व्याह्यानं दिलेला पलंग काय गच्चीवर ठिवू?”

“कपाट काढा, लगेच बयाना देतो,” त्यांचे मालक म्हणाले.

मी लातूरला व्हिडिओ कॉल लावून ह्यांना सांगितलं. हे ‘न्हाई, न्हाई’ करत डावा हात पलंगावर आपटायला लागले. मला संतापच आला. इथे माझा जीव टांगणीला लागलाय आणि ह्यांना लाकडाचा लोभ सुटेना! मी फोन ठेवला आणि दुसऱ्याच दिवशी मिस्त्री बोलावला.

दारं निघाली. वरचे कप्पे निघाले. त्या बाई आणि मालकही तेवढ्यात आले, खोली केवढी होते ते बघायला. मिस्त्रीने खालचा कडप्पा ओढला आणि मागची सगळी भिंत पलीकडच्या खोलीत कोसळली. धूळ खाली बसेपर्यंत कुणालाच काही दिसेना.

“आक्का, ही तर उभ्या इटाची पातळ भिंत,” मिस्त्री म्हणाला. “कप्प्यांच्या आधारानं टिकून होती. जागा वाचवायला केली आसंल कुणीतरी.”

कुणी केली असेल ते मला कळलं. ह्यांचा आपटणारा हात डोळ्यांपुढे आला आणि मी विटांवरच बसले. भिंत पुन्हा बांधून देते, पाया पडते, असं मी त्या बाईंना म्हणाले, खरोखर वाकलेही.

“सुनंसाठी घर बघायला आलो आन् डोळ्यांदेखत भिंत पडली,” त्या मागे सरत म्हणाल्या. “न्हाई ताई, अशा घरात लक्ष्मी कशी आणू?”

दोन दिवसांत सगळ्या कॉलनीत बोभाटा झाला. नंतर गिऱ्हाइकं आणणारा एजंट माझा फोनही उचलेना. दिरांपुढे मी मुदतीसाठी पदर पसरला. “वहिनी, मांडव दारात आलाय, मी तरी काय करू?” ते म्हणाले. त्यांना बोल कुठल्या तोंडाने लावू?

लग्नाच्या आधी तिघाचौघांनी ह्यांना खुर्चीत बसवून इथला जिना चढवला. आता दोन्ही खोल्यांची मिळून एकच ऐसपैस खोली आहे. हे एका टोकाला पडून असतात. इथे व्यायामाला कुणी येत नाही, मला एकटीला ते पेलवत नाहीत, आणि पायांत आलेली ताकद निघून चाललीय, हे मला त्यांना पुसताना हाताला कळतं. परवा म्हटलं, जरा उठून बसता का? ह्यांनी डोळे मिटून घेतले. मीही पुन्हा विचारलं नाही.