परकराच्या काठातले खडे

पाण्याखाली गेले आणि पाळकांचा हात माझ्या पाठीखालून सुटला. पाय टेकवून उठावं म्हटलं, तर पाय उचलेनात. पाणी कमरेएवढंच होतं, पण आडव्या माणसाला तेवढं पुरतं.

चर्चच्या मागचा तो हौद मीच घासायची. पाण्याखालून मात्र कधी पाहिला नव्हता. ऊन हिरवं झालं होतं. वरचा लिंब सावकाश हलत होता. मंडळी डोळे मिटून गात होती, पण गाणं पांझरा नदीच्या पलीकडून, धुळ्यातून येतंय असं वाटलं. मधेच कॉलनीतल्या कुणाच्या कुकरची शिट्टी. देवपुरात रविवारी अकराला घरोघरी डाळ शिजते. आपलीही शिजली असेल, असं मनात आलं. भीती वाटली नाही. खोटं कशाला सांगू, प्रभूही आठवला नाही.

आमच्या चर्चमध्ये मोठ्या माणसाला अख्खं बुडवून बाप्तिस्मा देतात. पाण्यात लुगडं फुगून वर येऊ नये म्हणून बायका परकराच्या काठात खडे शिवतात. पाळकीणबाईंनी चारच सांगितले होते. माझे शिवले थोरल्या जावेनं. ती देवळात जाणारी. माझं चर्च तिला पटत नव्हतं, पण माझी अब्रू तिची होती.

"चार खड्यांनी काय होतं?" म्हणाली, आणि नदीतले मूठमूठभर गोटे काठभर शिवले. परकर जड लागत होता. मी म्हटलं, असेल असंच.

पाळक मला उचलायला वाकले. कोपऱ्यात शेवाळ राहिलं होतं, माझंच काम. तेही घसरून आडवे झाले.

जाऊ लिंबाखाली खुर्चीवर बसली होती, नुसती बघायला आलेली. तिचेच डोळे उघडे होते. ती चपलांसकट हौदात उतरली, एका हातानं माझा अंबाडा धरला, दुसऱ्यानं पाळकांची कॉलर.

"बठ्ठं पानी तूच पी टाकशी का वं?" ती ओरडली.

मी खोकत पाळकांना विचारलं, "परत बुडवायचं का?"

"नको, अक्का. भरपूर झालं."

"मना बाप्तिस्मा धरू नका, भाऊ," जाऊ म्हणाली. "मी हिले काढाले उतरनू."

त्या हौदात आम्ही तिघं होतो, मी, जाऊ आणि पाळक. तिघंही वाचलो.