मावशीच्या डोळ्यांबद्दल मी जे सांगितलं

हे मी अजून कुणालाही सांगितलेलं नाही. आईला नाही, कॉलेजातल्या मैत्रिणीला नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर मुळीच नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून बहुधा लिहिता येतंय. समोर कुणाचं तोंड असलं की माझं अडतं — आणि सगळी चूक तिथूनच सुरू झाली.

पण आधी कमलमावशीबद्दल सांगू द्या. ती कळली नाही, तर मी काय केलं तेही कळायचं नाही.

कमलमावशी ही आईची धाकटी बहीण. इंदापुरात राहते. काका साखर कारखान्यात, पाळीवर. मूलबाळ नाही, म्हणून असेल कदाचित, पण बारामतीहून मी सुट्टीला गेले की मावशी दारातूनच ओरडायची, "आल्या का आमच्या मॅडम?" मी इंग्रजी शाळेत जायची म्हणून मॅडम. घराच्या पुढच्या खोलीत तिचं पायमशीन, दारावर निळ्या अक्षरांत 'लेडीज टेलर' ही पाटी, आणि आत भिंतीवर बाबासाहेबांच्या फोटोखाली टाचणीनं टोचलेले गिऱ्हाइकांच्या मापांचे कागद. बाई उंबऱ्यातून आत येईपर्यंत तिचा खांदा किती, पाठ किती, हे मावशीला कळलेलं असायचं. टेप लावायची ती फक्त बाईचं समाधान व्हावं म्हणून. मी तासन्तास कोपऱ्यात बसून ते बघायची. मला बोलायला आवडत नाही, बघायला आवडतं. ती तसं बसू द्यायची — किती माणसं बसू देतात?

तिच्यात एकच खोट होती. तिला नाही म्हणता यायचं नाही.

"कमलताई, उद्या हळद हाय, बघा की वं."

"न्हाय जमायचं गं, हातात किती काम हाय बघ."

"आसं कसं? तुमच्या हातचं घातल्याबिगर मी मांडवात जाऊ व्हय? तुमीच मग माज्या सासूला सांगा."

झालं. मावशी हसायची, आणि म्हणायची, "ठेव जा. मेले मी तुमच्यापायी." मग जेवण राहायचं, कंबर धरायची, काका आपले आपणच पिठलं करून घ्यायचे. आणि घाईत शिवलेलं तिचं तिलाच आवडायचं नाही, म्हणून ती उसवून परत शिवायची.

माझी बारावीची परीक्षा झाली त्या उन्हाळ्यात मी तिच्याकडे राहायला गेले. त्या वर्षी वस्तीतल्या बायकांनी ठरवलं होतं, की जयंतीच्या मिरवणुकीत सगळ्यांनी पांढरी साडी नेसायची आणि एकसारखं पांढरं ब्लाउज घालायचं, बाहीला निळी पट्टी. मावशीनं शब्द दिला होता. पांढऱ्या कापडाचा गठ्ठा कॉटखाली येऊन पडला होता आणि नेमकी त्याच दिवसांत लग्नंही होती. मावशीनं मला मशीनशेजारच्या स्टुलावर बसवलं.

"हे बघ मॅडम. जी येईल तिला सांगायचं, जयंती होईस्तोवर नवं काम घेत न्हाय. त्याच्या पुढं आठ दिसांनी मिळंल. थांबायचं तर कापड ठेवा, घाई आसंल तर दुसरीकडं टाका, आमाला राग न्हाय. गोड बोलायचं, पन सरळ सांगायचं. मी सांगाया गेले की तोंड बघून इरघळते. तू शिकलेली हायस."

किती साधं होतं ते! त्यात कुणाचा अपमान नव्हता, खोटं नव्हतं, बाईला काय करायचं ते ठरवायची मोकळीक होती. मी ते मनात चार वेळा घोकलं. इंग्रजीत तर मी ते झोपेतही म्हटलं असतं. पण समोर टीचर नव्हत्या. समोर आल्या डाळजच्या अनसूयाकाकू.

काकू मावशीच्या जुन्या गिऱ्हाईक. एसटीनं आलेल्या, उन्हानं तोंड लाल झालेलं, पिशवीत तीन ब्लाउजपीस आणि वर मापाचं ब्लाउज. चार दिवसांवर पुतण्याचं लग्न. मावशी मागच्या दारी पाणी भरत होती. काकूंनी पदरानं मान पुसली, माझ्याकडे बघून हसल्या आणि म्हणाल्या, "कमलताई कुठाय गं? तिला म्हनावं, तुज्यासाठी हितवर आले."

आता सांगायचं. गोड, पण सरळ. मी तोंड उघडलं — आणि वाक्य आलंच नाही. ह्या बाईचं हसू माझ्यामुळे जाणार, एवढंच मला दिसत होतं. बाहेर नेत्रशिबिराची रिक्षा कर्णा लावून फिरत होती. बहुधा त्यामुळेच ते सुचलं.

"मावशीच्या डोळ्यांचं जरा… डॉक्टर म्हणालेत, फार शिवलं तर नजर जाईल."

काकूंचा चेहरा एवढा उतरला, की मी तिथेच थांबायला हवं होतं. थांबले का? नाही. मी पुढे म्हणाले, "पण तिला काही बोलू नका, काकू. ती मनाला लावून घेते."

ते दुसरं वाक्य जास्त वाईट होतं. ते मला कळायला दिवाळी उजाडावी लागली.

तेवढ्यात मावशी हात पुसत आली. काकूंनी पिशवी पदराखाली घेतली आणि तिचा हात धरला. "बरी हायस नव्हं? काय न्हाय, बाजाराला आलते, म्हनलं तोंड बघून जावं." चहा घेतला, जाताना माझ्या गालावरून हात फिरवला आणि कानाशी पुटपुटल्या, "गुणाची हायस. जप तिला."

मला काय वाटलं सांगू? हलकं वाटलं. कुणी रागावलं नव्हतं. उलट माझंच कौतुक झालं होतं. सतरा वर्षांत अनोळखी माणसाशी बोलून मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

मग दुसरीला सांगितलं, तिसरीला सांगितलं. मावशी आत असली, बाजारात गेली, की मी सांगायची. किती जणींना, ते मी मोजलं नाही — मोजायचं टाळलं. पांढरी ब्लाउजं वेळेत झाली. मिरवणुकीत त्या निळ्या पट्ट्या ओळीनं निघाल्या तेव्हा मावशी कडेला उभी राहून रडली. मग काकांना म्हणाली, "मॅडमनं सगळ्यांना कसं सरळ सांगितलं, एक बाई रागावली न्हाय बघा. मला ह्या जन्मात जमलं न्हाय ते." काकांनी मला आइस्क्रीम आणलं. मी ते खाल्लं.

जूनमध्ये मी कॉलेजला बारामतीला परत आले. मला वाटलं, संपलं.

दिवाळीत गेले तर मशिनीवर चादर होती. दिवाळीच्या आधी त्या खोलीत पाय ठेवायला जागा नसायची, आणि आता तिथे एका टोपलीत गाजरं, शेवग्याच्या शेंगा, कुणीतरी दिलेलं गाईचं तूप. मावशी खुशीत होती आणि गोंधळलेली होती.

"बायकांनी यंदा किती जीव लावलाय बघ. कोण गाजरं आनतंय, कोण शेवग्याचा पाला. परवा अनसूया डाळजवरनं तूप घेऊन आली. पन शिवाया कुनी टाकत न्हाय गं. म्हनतात, राहू दे ताई, आराम कर. मी काय म्हातारी झाले का काय?"

ती तेव्हा एक्केचाळीस वर्षांची होती.

ज्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही अशा त्या बायका. माझ्या एका शब्दाखातर गावभर गप्प राहिल्या होत्या. तिला वाईट वाटू नये म्हणून. मी ते सगळं तिथल्या तिथे ओळखलं — गाजरं बघताक्षणीच. आणि मी काय केलं? गाजराचा हलवा करायला बसले. मावशी किसत होती, मी ढवळत होते, दोघी हसत होतो. सांगायला ह्यापेक्षा चांगली वेळ कुठली असते?

मुख्य रस्त्यावर तेव्हा एक नवी टेलर बाई आली होती. तिनं भिंतीवर पुठ्ठा लावला होता: 'ब्लाउज पंधरा दिवसांनी मिळेल. घाई करू नये.' बायका तिच्या नावानं बोटं मोडत आणि कापड ठेवून जात. मी तो पुठ्ठा वाचला, पुढे गेले, परत येऊन पुन्हा वाचला.

पुढच्या जयंतीला मी मुद्दाम गेले. पांढरी ब्लाउजं ह्या वेळी त्या बाईकडे टाकली होती. वस्तीतल्या बायकांनी मावशीला काही न सांगता ठरवलं होतं, की कमलताईला त्रास द्यायचा नाही. विहारासमोर मांडव होता. त्यांनी मावशीला हाताला धरून नेलं आणि पहिल्या ओळीत, पाहुण्यांच्या बरोबरीनं, खुर्चीवर बसवलं. पंखा तिच्याकडे वळवला. एवढा मान तिला आधी कधी मिळाला नव्हता. मी तिच्या पायाशी सतरंजीवर बसले होते.

मावशी मागे वळून त्या पांढऱ्या ओळी बघत होती. बराच वेळ. मग वाकून हळूच म्हणाली, "तिसऱ्या ओळीतल्या सुमनचा खांदा उतरलाय. आनि पट्टी वाकडी बसलीय तिकडं, शेवटच्या पोरीची." तेवढ्या लांबून! मी मान वळवून बघितलं, मला काही दिसलं नाही.

मग तिनं विचारलं, "खरं सांग, मॅडम. तू बाहेर राहतीस, तुला कळतं. माज्या हाताला काय झालं गं?"

इथे थांबते जरा. कारण तुम्हाला वाटेल, की ते डोळ्यांचं खोटं, तोच माझा गुन्हा. तो होताच. पण पोर होते, भ्याले, पटकन बोलून गेले, असं त्याबद्दल म्हणता तरी येतं. ह्याबद्दल तसं म्हणता येत नाही. तिनं मला सरळ विचारलं होतं. भोवती सगळ्या त्याच बायका बसल्या होत्या. मी उठून एका वाक्यात तिचं काम तिला परत देऊ शकले असते. फक्त त्या सगळ्यांसमोर मी खोटी ठरले असते. गुणाची पोरगी राहिले नसते.

मी म्हणाले, "तुझ्या हाताला काही नाही झालं, मावशी. फॅशन बदललीय. केबल आल्यापासून बायकांना पाठीवर गाठीचे गळे लागतात."

तिनं मान हलवली. तिला ते पटलं. माझं सगळंच तिला पटायचं.

त्यानंतर दोन महिने ती जुन्या साड्यांवर गाठीचे गळे बेतत बसली. बारामतीला आली की दुकानांच्या काचेसमोर उभी राहून बाह्या बघायची, घरी येऊन कागदावर काढायची. सुंदर गळे केले तिनं. घालायला कुणी नव्हतं, म्हणून मला घातले. मी कॉलेजात ते घालून गेले, मैत्रिणी म्हणाल्या, कुठून शिवलंस? मी सांगितलं, मावशीनं. पत्ता विचारला कुणीतरी. मी म्हणाले, लांब आहे.

मग तिनं अंगणवाडीत मदतनीस म्हणून काम घेतलं. खिचडी शिजवते, पोरांची नाकं पुसते. पोरं तिच्या अंगावर चढतात. ती तिथे दुःखी आहे असं मी म्हणणार नाही, ते खोटं होईल. पण पाटी काढली त्या दिवशी तिनं मला कळवलं नाही. मी गेले तेव्हा दारावर दोन खिळे होते.

गेल्या महिन्यात आम्ही दोघी बाजारातून येत होतो. मी पिशव्या घेऊन दोन पावलं मागे. रस्त्यापाशी एक बाई थांबली. मला ती ओळखीची वाटली; स्टुलावर बसून मी जिला सांगितलं होतं, त्यांतलीच एक असावी. तिनं मावशीचं कोपर धरलं आणि फार हळू, लहान मुलाशी बोलावं तसं म्हणाली, "दमानं, कमलताई. पायरी हाय हितं. ट्रॅक्टर येतोय, जाऊ दे त्याला."

मावशीला पायरी दिसत होती. ट्रॅक्टरही दिसत होता, आणि त्याच्या मागे बसलेला माणूस कोण हेसुद्धा. तिनं कोपर सोडवून घेतलं नाही. तशीच त्या बाईचा हात धरून हळूहळू रस्ता ओलांडला. पलीकडे गेल्यावर ती बाई निघून गेली, आणि मावशी वळून माझ्याकडे बघून हसली.

"बघितलंस? आता रस्ताबी वलांडून देतात. दिसत आसंन मी तशी म्हातारी."

मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले. "चल, ऊन फार आहे," म्हणाले, आणि त्या बाईनं जिथून हात सोडला होता तिथे माझा हात दिला. तिनं तो धरला.