ताडपत्रीविना कोपरा

वैशाख सरत आला की आमच्या लालबागच्या चाळीत कुणाला सुख नसे. तांदूळ पाखडायचे, मीठ-मिरची बरण्यांत दाबायची, जळाऊ लाकडं माळ्यावर रचायची. गॅलरीच्या पश्चिमेच्या अंगाला बांबूचे तट्टे बांधायचे. वरच्या मजल्यावरचे आम्ही, म्हणून आमच्या डोक्यावर थेट कौलं. ती चाळायला घोडपदेवहून एक म्हातारा येई. फुटकी कौलं काढी, नवी बसवी, आणि दरवर्षी आईला तेच ऐकवी, "वयनी, तुमच्या बाहेरच्या खोलीच्या कोपऱ्यावर कौलांचं कायेक चालत नाय. थंयसर वारो खालसून शिरता."

म्हणून त्या कोपऱ्यावर ताडपत्री. बाबा कॉटन ग्रीनला एका गोदामात कारकून होते, तिथून त्यांनी ती मिळवली होती. जाड, डांबराच्या वासाची. दोरखंडांनी ती एकदा आवळली की आई म्हणे, "आता येऊ दे काय यायचं ते."

त्या वर्षी बाबांनी ती सभेला देऊन टाकली. संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते आणि अख्खी चाळ पेटली होती. मैदानात बायका उन्हात बसतात, त्यांना सावली हवी, म्हणून बाबांनी ती स्वतः खांद्यावरून नेली. मला त्या चळवळीबद्दल आकस नाही, मीही ओरडून घसा बसवून घेतलाय. पण सभा संपल्यावर ताडपत्री परत आणायची की नाही? ती लालबागहून दादरला गेली, दादरहून गिरगावात गेली. आई रोज विचारी आणि बाबा रोज म्हणत, "अगं, सभेला दिलेली वस्तू मागायची कशी? लोक काय म्हणतील?" ही त्यांची भीड. घरात बायकोवर डाफरायला ती कधी आडवी आली नाही.

आणि त्याच वर्षी माझी थोरली बहीण पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. मी तेव्हा बारा वर्षांची. ताईला मुलगी झाली. सुईण म्हणाली, "काय गोरीपान आहे हो!" आमच्या दोनच खोल्या. आतल्या खोलीत स्वयंपाक आणि देव्हारा, म्हणजे दहा दिवसांच्या विटाळात बाळंतिणीला तिथे पाऊल टाकायची सोय नाही. तिची बाज पडली बाहेरच्या खोलीत, त्याच कोपऱ्यात, लुगड्याच्या पडद्याआड. बाजेखाली शेगडी, शेजारी धुरी. ताडपत्री नाही, हे आम्हां सगळ्यांना ठाऊक होतं. आई म्हणाली, "पाऊस यायला अजून पंधरवडा आहे. तोवर दहा दिवस होतील."

सातव्या दिवशी सकाळी बाबा कामावर गेले. दुपारी खालचे एकजण सांगत आले, शिवडीच्या बंदरात वादळाचा बावटा चढलाय. तासाभरात आभाळ काळंठिक्कर झालं. वारा असा सुटला की तट्टे सुटून चाळीच्या अंगणात जाऊन पडले. मग म्हाताऱ्याने सांगितलं होतं तेच झालं. कोपऱ्यावरची कौलं आधी खडखडली आणि मग उडाली. पाणी सरळ बाजेवर. शेगडी चर्र करून विझली. आम्ही बाज दुसऱ्या भिंतीशी ओढली, तर झड तिथेही पोचली. ताई मुलीला पोटाशी धरून ओणवी बसली आणि ओरडली, "आई, मला आत घे गं!"

आई आतल्या खोलीच्या उंबऱ्यात उभी होती. तिच्या पाठीमागे सगळं कोरडं. चूल कोरडी, पाट कोरडे, देव कोरडे. ती म्हणाली, "थांब, काहीतरी करते," आणि धावत खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे गेली. मी तिच्या मागे. सभेत याच काकू आईच्या गळ्यात हात टाकून बसायच्या. काकू दारातच म्हणाल्या, "नाही म्हणवत नाही हो, पण घरात देव आहेत. तीन दिवसांचा तर प्रश्न."

मला वाटलं, आता आई भांडेल. माझी आई पाण्याच्या नळावर कुणाला हार जात नसे. पण ती मान हलवून परत फिरली. तिला काकूंचं पटलं होतं! त्याचा संताप मला अजून आहे.

वर येऊन तिने ताईच्या डोक्यावर छत्री धरली. छत्री! मी भांडी मांडत होते, घोंगडी पिळत होते. संध्याकाळी वारा पडला तेव्हा मुलीचे ओठ निळे झाले होते. बाबा गुडघाभर पाण्यातून घरी आले आणि दारातूनच सगळं पाहिलं. दुसऱ्या दिवशी मुलीची छाती भरली, पोट उडायला लागलं. डॉक्टर आले, औषध दिलं, मान हलवून गेले. नवव्या दिवशी ती गेली. नाव ठेवायचं होतं, तेही राहिलं.

चाळीतले सगळे पुरुष बाबांबरोबर निघाले. एवढ्याशा जिवाला खांदेकरी कशाला लागतात? बाबांनी तिला हातांवरच नेलं.

पुढे कितीतरी वर्षं माझा राग बाबांवर होता, मग काकूंवर. आईवर यायला वेळ लागला, आणि स्वतःवर यायला त्याहून जास्त. देव्हारा मला उचलता आला असता. देवांना त्या दिवशी चाळीत कुणीही घरात घेतलं असतं, हात जोडून घेतलं असतं. आम्हां कुणाच्या डोक्यात ते आलं नाही.

ताई पुढच्या बाळंतपणांना माहेरी आली नाही. आईने बोलावलं, बाबा स्वतः आणायला गेले, ती सासरीच राहिली. आई गेल्यावर आम्ही दोघी तिची भांडीकुंडी आवरत होतो. मी देव्हारा पुसायला घेतला तेव्हा ताई इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या दिवसाबद्दल बोलली. आवाज चढवला नाही, रडली नाही.

"देव भिजले असते," ती म्हणाली, "तर वाळले असते गं."