मामीच्या देवघरातले पुढारी

जगातल्या झाडून सगळ्या पुढाऱ्यांची काळजी एकट्या माझ्या मामीला आहे. फैजपूरजवळच्या तिच्या गावात सांजवात लागली की पाहुण्यानं जेवणाची आशा सोडावी. स्वतःसाठी ती काही मागत नाही. पण ग्रामपंचायतीपासून दिल्लीपर्यंतची एकेक खुर्ची देवापुढे आणते, "याले शहाणपण दे, त्याले शहाणपण दे," आणि इकडे वरण पार थंडगार. वीज गेली की गाव वीजवाल्या साहेबाचा उद्धार करतं. मामी त्याला प्रार्थनेत भरती करते. हरलेले उमेदवारही सुटत नाहीत. "आज हरला, उद्या पुन्हा उभा राहील ना बाप्पा!" एकदा मतं मागायला आलेल्या एकाला तिनं देवघरासमोर बसवून 'मले बुद्धी दे' म्हणायला लावलं. बाहेर कार्यकर्ते उन्हात, गाडीवरचा भोंगा त्याचे गुण गातोय, आणि आत हा गडी हात जोडून! मी तिची भरपूर टिंगल करायचो. "मामी, एवढ्या वर्षांत एकाला तरी आली का गं बुद्धी?" "देव बहिरा नाही," ती म्हणायची, "त्याच्याकडे गर्दी आहे."

मग माझा मामेभाऊच सरपंच झाला. गुलाल उडाला, पेढे वाटले, आणि मामीनं त्याच संध्याकाळी पोराला प्रार्थनेतल्या घरच्यांच्या यादीतून काढून पुढाऱ्यांच्या यादीत घातलं. "आता त्याले जास्त गरज आहे," म्हणाली. तो बिचारा तोंड वासून बघत राहिला.

यंदा वैशाखात वादळ आलं. मामा गेल्यावर तिनं एकटीनं सांभाळलेली केळीची बाग, अगदी कापणीला आलेली, घडांसकट आडवी झाली. मी जळगावहून धावत गेलो. पंचनामा झाल्याशिवाय बागेला हात लावायचा नाही, आणि उन्हात पडलेले घड तर काळे पडत चाललेले. "सरपंच घरचा आहे, पंचनामेवाल्यांना पहिलं इकडेच आणील," मी धीर दिला. मामी दिवसभर बांधावर बसून वाटेकडे बघत होती. कोणी आलंच नाही.

संध्याकाळी भाऊ आला तो उंबऱ्यातच थांबला. "आई, ज्यायच्याकडे एकच तुकडा आहे, त्यायचे पंचनामे पह्यले केले. आपली बाग शेवटी."

मला त्याचा असा राग आला! मामी मात्र देवघरात गेली, वात लावली.

"ऐकलं रे बाप्पा तू. इतक्या वर्षांनी ऐकलं. पन माह्याच घरून सुरू करायचं होतं का?"

मला हसू फुटलं. बघतो तर मामी रडत होती. त्या दिवशी ती दिल्लीपर्यंत गेलीच नाही. पदरानं डोळे पुसले आणि माझ्या देखत पहिल्यांदा स्वतःसाठी मागितलं, "आता मले बी थोडं शहाणपण दे. लेकावर राग नको धरू देऊ."

मग उठून तिनं त्याला हाताला धरून पाटावर बसवलं, आम्हाला ताटं वाढली. इतक्या वर्षांत त्या घरात मला पहिल्यांदाच गरम वरण मिळालं.