कांदाचाळीचे दगड

काळ्या मातीवर घर बांधू नये, असं माझे वडील म्हणायचे. मी बांधलं. नाशिकला मखमलाबादच्या बाजूला, जिथे तेव्हा द्राक्षबागा होत्या आणि आता बागांची नावं घेतलेल्या सोसायट्या आहेत. घराचा पाया मुरूम लागेपर्यंत खाली नेला म्हणून घर धड राहिलं, पण मागचं अंगण काळं ते काळंच. पावसाळ्यात त्यात चप्पल रुतते आणि उन्हाळ्यात त्याला अशा भेगा पडतात की कपड्यांचे चिमटे त्यात पडले तर परत मिळत नाहीत.

दिवाळीनंतर बायको स्वयंपाकघरात पडली. ओल्या फरशीवरून पाय सरकला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, हाड जुळलं, डॉक्टर खूश झाले. ती मात्र उठेना. वॉकर धरून पलंगापासून खिडकीपर्यंत जायची आणि खिडकीतच बसून राहायची. दुखणं कमी झालं होतं, भीती गेली नव्हती. पायाखालची जमीन दगा देते, हे तिच्या मनानं एकदा घेतलं ते घेतलं. व्यायाम करून घ्यायला येणारी मुलगी मला एकदा फाटकापर्यंत घेऊन गेली आणि हळूच म्हणाली, "काका, हा उन्हाळा असाच बसून गेला तर पाय कायमचा आखडेल. काकूंना पाण्यात चालवता आलं तर बघा. पाण्यात माणसाला पडायची भीती वाटत नाही."

पुण्याच्या लेकीनं लगेच ऑनलाइन टब मागवला. टब कसला, जमिनीवर उभा राहणारा छोटा तलावच तो. लोखंडी नळ्यांचा सांगाडा, त्यात अडकवलेलं निळं जाड कापड आणि कडेनं सांगाड्याचे पाय. बायको लासलगावच्या पलीकडच्या खेड्यातली, माहेरच्या विहिरीत पोहायला शिकलेली. मी गोदेकाठी वाढलो आणि मला पोहता येत नाही. लग्न झाल्यापासून आमच्या घरात या विषयावर माझी जी शोभा होते तिला तोड नाही.

सातपूरच्या कारखान्यात मी जन्मभर मापं तपासली. केसाएवढा फरक दिसला तरी माल परत पाठवायचो. लोक मागून मला काय म्हणायचे ते इथे लिहिण्यासारखं नाही. असा मी, आणि मी तो टब सरळ काळ्या मातीवर उभा केला. वेल्डरकडून कठडा असलेल्या रुंद पायऱ्या करून घेतल्या, बोअरचं पाणी भरलं, पाण्यावर आभाळ उतरलं आणि मी त्याच्याकडेच बघत बसलो. पायांकडे कोण बघतो?

दुसऱ्या दिवशी बायको पायऱ्या चढली. एक पाय पाण्यात टाकला आणि तोल सावरायला टबाची कड धरली. तिच्या हाताखाली कड खचली. टब भरताना सांडलेल्या पाण्यानं भिजलेल्या मातीत एका बाजूचे पाय रुतले, सगळं पाणी तिकडे कललं आणि कडेवरून बाहेर पडायला लागलं. ती पडली नाही, मी धरलं होतं. पण पायऱ्या उतरून वॉकर हाती लागेपर्यंत तिनं माझा दंड सोडला नाही.

"जे हलतं त्यात मी पाय ठेवणार नाही," ती म्हणाली. "पुन्हा मला सांगू नका."

त्यानंतर ती वॉकरलाही हात लावेना.

मग मी टबाच्या पायांखाली घालायला काहीतरी भक्कम शोधत गावभर फिरायला लागलो. ते दिवस आठवले की वाटतं, मी जागेपणीच कुठल्यातरी स्वप्नात होतो. मला माणसं दिसेनाशी झाली, ती ज्यावर उभी होती ते दिसायला लागलं. चहाच्या टपरीच्या एका पायाखाली फरशीचा तुकडा. गच्चीवरच्या टाकीखाली विटांचे थर. रसवंतीच्या चरकाखाली लाकडाचा ओंडका. सगळं नाशिक कशाच्या ना कशाच्या टेकूवर उभं आहे आणि हे इतकी वर्षं मला कुणी सांगितलंच नव्हतं. दुपारी डोळा लागला की आमचं घर पाण्यावर हळूहळू वाहत जाताना दिसायचं. खिडकीत बायको बसलेली असायची, आणि मी काठाकाठानं हातात वीट घेऊन धावायचो.

दगडापेक्षा वीट मऊ म्हणून आधी विटा आणल्या. त्या ओल्या मातीत बसल्या आणि चहात भिजलेल्या खारी बिस्किटासारख्या सुटल्या. सिमेंटचे पोकळ ब्लॉक आणले, ते भार पडताच तडकले. बायको खिडकीतून हे सगळं बघायची. ती मला टोमणा मारत नाही, याचाच मला सगळ्यात जास्त राग यायचा.

एक दिवस ओढ्याच्या काठाला मला हवा तसा दगड मिळाला. काळाभोर, जड, एका बाजूनं सपाट. असे अजून मिळाले की काम झालं, असं म्हणत तो स्कूटरवर पायांत ठेवून घरी आणला, धुतला आणि वाळायला म्हणून तुळशीशेजारी भिंतीला टेकवून उभा केला. तिथेच चुकलं. आडवा ठेवला असता तर दगडच राहिला असता.

सकाळी बघतो तर त्याला हळदीकुंकू लागलेलं, माथ्यावर जास्वंदीचं फूल. आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशी हात जोडून उभ्या होत्या. "बरं केलंत काका," त्या म्हणाल्या. "घरात एवढं दुखणं. दारात देव हवाच."

मी समजावलं, की हा देव नाही, हा टबाच्या पायाखाली घालायचा आहे. मावशींनी माझ्याकडे असं पाहिलं की मला घाम फुटला. "आता घालणार? याला? पायाखाली?"

तेवढ्यात शेजारच्या काकू उदबत्ती घेऊन आल्या. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात. आमच्या देवाला एक टिचकीसुद्धा मारावी लागली नव्हती. मानला तर देव, नाहीतर दगड, हे मला पाठ होतं, पण न मानण्याचं धाडस माझ्यातही नव्हतं. मी चप्पल काढून नमस्कार केला.

आणि खिडकीतून हसू ऐकू आलं. आधी दबकं, मग मोकळं, मग डोळ्यांना पदर लावून. दिवाळीनंतर या घरात ते हसू मी पहिल्यांदाच ऐकत होतो. मी तुळशीपाशी तसाच उभा राहिलो. ते थांबू नये एवढंच वाटत होतं.

"अहो, देव गोळा करणं पुरे," ती म्हणाली. "माझा फोन द्या. आमच्या जुन्या चाळीखालचे दगड पडलेत का बघते."

तिच्या धाकट्या भावानं माहेरची जुनी कांदाचाळ मोडून लोखंडी केली होती. कांद्याला जमिनीची ओल लागली की तो सडतो, म्हणून चाळ जमिनीपासून उचललेली असते आणि तिचा सगळा भार खालच्या दगडांवर असतो.

"हायेत ना ताई," फोनवर मेहुणा म्हणाला. "लय जड हायेत, कोणी हात लावत नाय. काय करायचेत?"

"मला उभं राहायचंय," ती म्हणाली.

"उद्याच आणतो," मेहुणा म्हणाला.

त्या दुपारी ती आपणहून बोलत राहिली. लहानपणी उन्हाळ्यात ती चाळीखाली शिरून झोपायची. वर चाळभर कांदा, खाली गार अंधार, आणि फटीफटीतून येणारा वारा. वाऱ्याबरोबर कांद्याचे पापुद्रे सुटायचे आणि एकेक करत खाली यायचे. केसांवर, पापण्यांवर, उघड्या तळहातावर. वर एवढं ओझं असताना भीती नाही वाटली? मी विचारलं. "वडलांनी बसवलेले दगड होते," ती म्हणाली. "भीती कशाची?" बाहेर ऊन लखलखत होतं, खोलीत पंखा फिरत होता, आणि ते पापुद्रे मला आमच्या चादरीवर उतरताना दिसत होते.

दुसऱ्या दिवशी मेहुणा पिकअप घेऊन आला. मागे दगड आणि त्यांच्यावर कांद्याची गोणी; त्या बाजूचा माणूस कांद्याशिवाय कुणाच्या दारात जात नाही. "दाजी, पहार वाकली काढताना," तो कौतुकानं म्हणाला. दगड मातीवर मांडायला आम्ही सुरुवात केली तशी खिडकीतून आवाज आला.

"वर नका ठेवू! वर ठेवलेला दगड सरकतो. माती काढून खाली मुरूम भरा, ठोका, आणि दगड पुरा. माथा जमिनीशी सारखा येऊ दे."

आम्ही दोघं निमूट खणायला लागलो. दगड बसल्यावर पातळी बघायची होती. पारदर्शक नळीत पाणी भरून दोन्ही टोकांना ते सारखं येतं का बघायचं, ही गवंड्यांची साधी रीत. एक टोक मी एका दगडापाशी धरलं, मेहुणा तो दगड पहारेनं ठोकत होता, आणि दुसरं टोक ओट्याच्या खांबावर केलेल्या खुणेपाशी धरायला कुणी नव्हतं.

"आणा इकडं," ती म्हणाली. ती ओट्यावर आली होती. वॉकर खांबाला टेकवून, नळी दोन्ही हातांत धरून, डोळे बारीक करून ती नळीतल्या पाण्याकडे बघत होती. "थोडा खाली. अजून. बास." तिला कशाचाच आधार नव्हता हे मेहुण्याच्या आणि माझ्या एकदमच लक्षात आलं. आम्ही एकमेकांकडे पाहिलं आणि काही बोललो नाही. बोललो असतो तर तिच्याही लक्षात आलं असतं.

टब भरला. या वेळी मी पाण्याकडे नाही, पायांकडे बघत बसलो. दुसऱ्या सकाळपर्यंत एकही पाय हलला नाही.

बायको पायऱ्यांपाशी आली, पण आधी चढली नाही. वाकून एका पायाखालच्या दगडाला हात लावला, बोटं कपाळाला टेकवली आणि मग चढली. मी बाहेरून तिचा हात धरून होतो. ती पाण्यात उतरली, कड धरून थांबली, कड जोरात हलवून पाहिली. मग चालायला लागली. मी कडेकडेनं तिच्याबरोबर फिरत होतो. ओट्यावर पसरलेल्या कांद्याचे पापुद्रे वाऱ्यानं उडत येत होते आणि पाण्यावर पडत होते.

"सोडा आता," ती म्हणाली.

मी सोडलं नाही.

"अहो, सोडा. मला पोहता येतं. तुम्हाला येत नाही."

मी हात सोडला. ती मागे झुकली, पाय जमिनीवरून उचलले आणि उताणी होऊन पाण्यावर निजली. कान पाण्यात गेले होते, डोळे मिटले होते, केसांभोवती गुलाबी पापुद्रे जमत होते. मला फार भीती वाटत होती आणि फार आनंद झाला होता. मी तिला हाक मारली, तिला ती ऐकू गेली नाही. तेव्हा मी टबाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि तिच्या वडलांच्या दगडांवर माझा सगळा भार टाकून उभा राहिलो.