एकतीस घरांची यादी

रास अल खोरच्या वर्कशॉपमध्ये मी हेड ड्राफ्ट्समन होतो. सोव्हिएत राज्य मोडल्यावर पोटासाठी दुबई गाठलेला एक म्हातारा रशियन माझ्या हाताखाली होता. जेवणाच्या सुट्टीत मी डबा खायचो आणि तो बाद ड्रॉइंगच्या पाठीवर आपलं गाव काढायचा. दूर उत्तरेला, नदीकाठी, एकतीस लाकडी घरं. प्रत्येक घराला आकडा द्यायचा आणि त्या घराची हकिकत सांगायचा.

आधी मासे पकडणारे आले. मग सरकारने हद्दपार केलेली माणसं आणून काठावर उतरवली. त्यांनी जंगल तोडून घरं बांधली. ओंडके नदीतून खाली जायचे. हिवाळ्यात नदीचाच रस्ता व्हायचा, आणि उन्हाळ्याच्या तोंडावर बर्फ फुटायला लागलं की अख्खं गाव हातातलं काम टाकून काठावर उभं राहायचं. पुढे गावाला येणारी बोट बंद झाली आणि गाव उठलं.

बाहेर पंचेचाळीस डिग्री. मी 'हं, हं' करत डोळे मिटायचो. ते नदीचं पांढरंशुभ्र पात्र दिसायचं, तळपायांना गार वाटायचं, म्हाताऱ्याचा आवाज लांबून यायचा. त्या देशात इतकं सुख मला दुसऱ्या कशात मिळालं नाही.

एकदा त्याने विचारलं, "सर, कुठल्या घरात कोण, लिहून ठेवू?"

"नो हबीबी. पहले ड्रॉइंग फायनल, पार्ट लिस्ट लास्ट."

मी मोठा शिस्तीचा! आमच्या धंद्यात यादी आधी केली की आकडे बदलतात आणि सगळं मुसळ केरात. त्याने मान डोलावली.

ड्रॉइंग फायनल व्हायच्या आत तो हार्ट अटॅकने गेला.

महिन्याभराने त्याची मुलगी आली. शहरात वाढलेली, गाव कधी न पाहिलेली. तिने वडिलांच्या सामानातला तो गावाचा कागद माझ्या टेबलावर पसरला.

"पापा म्हणायचे, इंडियन सरना सगळं सांगितलंय. अंकल, आमचं घर कुठलं?"

मला एकही नाव आठवेना. मी तिला बर्फ फुटतानाचं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, पण घरावर खूण करायला काढलेली पेन्सिल हातात तशीच होती. आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

मी नऊ नंबरवर बोट ठेवलं.

तिने तिथे वडिलांचं नाव लिहिलं आणि त्या घरावरून कितीतरी वेळ हात फिरवत राहिली.