आक्काची ताजी अंडी

मागच्या आठवड्यात मंगळवारी सकाळी, मंगळवार पेठेतल्या आमच्या स्वयंपाकघरात, मी एका उकडलेल्या अंड्यापुढे अक्षरशः हात टेकले...

माझ्या वडिलांचं, म्हणजे आबांचं, खुब्याचं ऑपरेशन झालंय. डॉक्टरांनी रोज दोन अंडी सांगितलीत. बायको सातलाच ड्यूटीवर जाते, त्यामुळे हे खातं माझ्याकडे आलं. वाटलं, अंडी उकडायला काय अक्कल लागते...

लागते. टरफलाबरोबर निम्मं पांढरं निघून यायचं. आबा प्लेटकडे बघून शांतपणे विचारायचे, "उंदरानं कुरतडलंय व्हय हे?" एखादा घास खायचे आणि प्लेट सरकवायचे. इकडे त्यांचे शर्ट अंगावर लोंबायला लागलेले.

मोबाईलवर बघून सगळं केलं. मीठ, व्हिनेगर, सोडा... पंधरा-वीस मिनिटं उकळून पाहिली, तर बलक हिरवट झाला, एवढाच फरक. त्या मंगळवारी आबांनी प्लेटला हातच लावला नाही. मी त्यांच्यावर चिडून बोललो आणि मग दिवसभर स्वतःवरच चिडत राहिलो.

संध्याकाळी शाहूपुरीत एका अंड्याच्या गाडीवर थांबलो. गाडीवरच्या मावशी गप्पा मारत अंडी सोलत होत्या, टरफल अलगद बाजूला. न राहवून माझं रडगाणं सांगितलं.

"अंडी कवाची असत्यात?" त्यांनी विचारलं.

"एकदम ताजी. बहीण गारगोटीहून पाठवते, घरच्या कोंबड्यांची."

"तितंच चुकतंय की पावणं. ताजं अंडं नीट सोलत न्हाय. आठवडाभर ठेवा. पाणी उकळलं की मग अंडी आत सोडायची, धा-बारा मिनिटं. काढली की गार पाण्यात. आणि सोलताना रुंद बाजूनं सुरू करा."

मला हसावं की रडावं कळेना. आबांना ताजंच मिळावं म्हणून आक्का दिवसाआड पहाटे उठून, भुशात अंडी भरून, पहिल्या एस.टी.नं डबा पाठवते. तिला हे सांगायचं कुठल्या तोंडानं...

दोन दिवसांनी धीर करून फोन केला. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हंजे आठवड्यातनं एकदाच द्यायची म्हण की. मग एस.टी.नं कशाला, मीच घिऊन येतो."

रविवारी ती आली. मंगळवारपासून फ्रीजमध्ये ठेवलेली, पाच-सहा दिवसांची झालेली अंडी मी मावशींच्या पद्धतीनं उकडली, सोलली. गुळगुळीत. आक्कानं प्लेट आबांसमोर ठेवली.

आबांनी दोन्ही खाल्ली. मग तिच्याकडं बघून म्हणाले, "तू केलीस व्हय? तरीच."

आणि आक्का सरळ "व्हय" म्हणाली...

मी तोंड उघडणार होतो. तेवढ्यात आबांनी आणखी एक आहे का विचारलं. ऑपरेशन झाल्यापासून त्यांनी काही खायला मागितल्याचं मी पहिल्यांदाच ऐकत होतो. गुपचूप उठलो आणि गॅसवर पाणी ठेवलं.